आमच्या घरातलं

दार न वाजवता शिवणवाल्या काकू आत आल्या आणि त्यांनी ते पाठीमागे लावून घेतलं. सभागृहामागच्या खोलीत लॅबवाली, रक्त तपासायच्या लॅबमधली मुलगी, एकटीच होती. वस्तीतल्या जागृती मोहिमेसाठी नाटक तिनंच लिहिलं होतं. नवऱ्याचं काम करायला एकही पुरुष तयार होईना, म्हणून तेही तिनंच केलं होतं. आजचा प्रयोग संपला होता आणि आता आरशासमोर बसून ती मिशी काढत होती. अर्धी निघाली होती.

"कुणी सांगितलं तुला?"

"काय, काकू?"

"आमच्या घरातलं."

नाटक छोटंसंच होतं. नवरा मोबाइलवर अश्लील व्हिडिओ बघतो. बघता बघता बायकोकडे बघायचं विसरतो. एकदा ती नको म्हणते, तेव्हा तो मोबाइलकडे बोट करतो, "हिचं कधी डोकं दुखत नाही." त्या वाक्याला सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नव्हतं.

"ते डोकं दुखायचं," काकू म्हणाल्या. आवाज दाबूनच. "चार भिंतींतलं बोलणं. मी माहेरी सांगितलं नाही, आणि तू ते माइकवरून म्हणतेस? तुझं तर लग्नही झालेलं नाही!"

"काकू, शपथ. मी ते मनानं लिहिलंय."

"मनानं लिहिलं आणि शब्दाला शब्द तेच आलं? उद्याचा प्रयोग बंद कर. उद्यापासून अख्खी वस्ती माझ्याकडे बघून हसेल."

लॅबवालीनं अर्ध्या मिशीवरचा हात खाली घेतला. उद्यासाठी तिनं घरोघर फिरून माणसं बोलावली होती. "तुम्हाला त्रास होणार असेल तर करते बंद," ती म्हणाली. "पण कुणी सांगितलं नाही, हे खरं."

तेवढ्यात दार भिंतीवर आपटलं. काकूंच्या थोरल्या जाऊबाई. वरच्या मजल्यावर राहायच्या, शाळेत शिकवायच्या. संसार कसा असावा, तर त्यांच्यासारखा, असं वस्तीत म्हणत.

"कुणी सांगितलं गं तुला आमच्या…" बोलता बोलता त्यांना काकू दिसल्या. "अस्सं! तू होय? खाली बसून छताला कान लावतेस?"

"मी? ताई, मी तर माझंच विचारायला आले होते."

बाहेर कुणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं.

"भाऊजीसुद्धा?" काकूंनी हळूच विचारलं.

"म्हणजे धाकटासुद्धा?"

दोघींनी एकदमच लॅबवालीकडे पाहिलं.

"आजार एक असला की लक्षणं सारखीच असतात," ती म्हणाली. "मी लक्षणं लिहिली. घर कुणाचंच नाही."

जाऊबाई स्टुलावर बसल्या. "मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

"मलाही तेच सांगितलंय, ताई. 'तुझ्यातच कमी आहे.'"

"याच शब्दांत?"

"याच."

"एका माळेचे मणी!" जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. काकूंनी तोंडावर पदर धरला, पण त्यांनाही ते आवरेना. एकाच घरात इतकी वर्षं राहून दोघी एकत्र अशा कधी हसल्या नव्हत्या. डोळे पुसायची वेळ आली.

"उद्या किती वाजता आहे?" काकूंनी विचारलं.

"बंद करायचंय ना?"

"कोण म्हणतं? पहिल्या रांगेत चार खुर्च्या धर."

"चार?"

"आम्ही दोघी, आणि आमचे दोघं. कसे येत नाहीत, बघतेच."

"आणि नाही आले तर?" जाऊबाई म्हणाल्या.

"तर आपण दोघी घरी जाऊन तेच नाटक करून दाखवू. नवरा तुम्ही व्हा."

काकूंनी दार उघडलं. बाहेरच्या अरुंद वाटेत सात-आठ बायका उभ्या होत्या. एकमेकींकडे कुणीच बघत नव्हतं. एक भिंतीवरची सूचना वाचत होती, एक पर्समध्ये काहीतरी शोधत होती. सगळ्यात पुढे औषधाच्या दुकानातली होती, लालबुंद झालेली, तोंड उघडायच्या बेतात.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग मागच्या सगळ्यांकडे. मग खोलीत मान वळवून म्हणाल्या,

"चार नको गं. अख्खी रांगच धर."