थंड प्रकृतीचा माणूस

भडक्याने न्हाव्याचं डोकं तिसऱ्यांदा भिंतीवर आपटलं, तेव्हा कुठे शिपायांना जाग आली. न्हावी एवढंच म्हणाला होता, की तुझी पोर आता मामालाच बाप म्हणत असेल. न्हाव्याचे दोन दात गेले आणि भडक्याची शिक्षा वर्षभराने लांबली.

बराकीत त्याच्या फुटलेल्या मुठी मास्तरने पुसल्या. कैद्यांत शिकलेला असा तोच. कशापायी आत आला ते विचारायची कुणाची छाती नव्हती. फारच खोदलं तर म्हणे, "माझी तारीख लागलीय. सुटणारच आहे मी."

बातमीही त्यानेच दिली. तुरुंगात एक डॉक्टरीणबाई कैद्यांचे स्वभाव तपासायला आली होती. जो सगळ्यांत थंड निघेल त्याला वेगळी खोली, शिक्षेत सूट आणि दर महिन्याला घरच्यांची भेट.

"पोरगी भेटेल?" भडक्याने विचारलं.

"थंड झालास तर."

"मी आणि थंड? मास्तर, गरिबाची चेष्टा करू नका."

मास्तरने त्याला समजावलं. जुने वैद्य म्हणत, अंगात चार रस असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. जो रस जास्त, तसा माणूस. रस केव्हाच खोटे ठरले, पण आपलं पित्त अजून खवळतंच. मग कुणी कवटीवरची टेंगळं चाचपून स्वभाव सांगू लागलं. पुढे एका सासूला होणारा जावई काही केल्या उमगेना, तेव्हा तिने माणसांचे प्रकार पाडायला घेतले. पुढे लेकीने प्रश्न काढले आणि प्रकार झाले सोळा.

"सोळा?"

"जावई अवघड असणार."

"आणि यातलं खरं किती?"

"माणूस उत्तर देईल तेवढं. म्हणून तर उत्तरं शिकता येतात, लेका."

शिकवणी ओल्या टॉवेलने झाली. मास्तर भडक्याच्या आईवरून बोले, बायकोवरून बोले. भडक्याच्या मुठी वळल्या, की गाठ मारलेला टॉवेल पाठीवर बसे. पाठ काळीनिळी झाली, मग फुटली. मग मास्तरने विडी पेटवली आणि त्याच्या तळहातावर विझवता विझवता न्हाव्याचं ते वाक्य शब्दन् शब्द म्हटलं. कातडी चुरचुरली. भडक्या दुसऱ्या हाताने मान खाजवत राहिला.

"झालास तयार," मास्तर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. बराकीला वाटलं, धुराने.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गर्दी आवडते की एकटेपणा, आधी ठरवता की ऐन वेळी, डोक्याचं ऐकता की मनाचं. भडक्याने पढवलेलं सगळं धडाधड सांगितलं. बाई हसल्या. पोपटपंची कुणालाही जमते, असं तुरुंगाच्या साहेबांना म्हणाल्या आणि दोन शिपाई बोलावले. भडक्याच्या डोळ्यांदेखत मार खायला कुणीतरी हवं होतं. मास्तर आपणहून पुढे झाला.

पहिली काठी बरगडीवर बसली, दुसरी तोंडावर. मास्तर खाली पडला, तरी काठ्या चालूच राहिल्या. रक्त फरशीवरून वाहत भडक्याच्या पायाशी आलं. त्याने पाय थोडा बाजूला घेतला. बाईंनी त्याची नाडी धरून ठेवली होती.

"काय वाटतंय?"

"काही नाही."

"थांबवू का?"

"तुमची मर्जी, बाई."

बाईंनी मनगट सोडलं आणि साहेबांकडे बघून मान हलवली. खाली पडलेला मास्तर लाल तोंडाने हसला.

भडक्याला नवे कपडे मिळाले. साहेब स्वतः त्याला अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडकडे घेऊन निघाले. वाटेत त्याने भीत भीत विचारलं, पोरीला कधी भेटता येईल.

"सोमवारीच बोलावलीय. सकाळचं काम उरकलं की भेट."

"कसलं काम, साहेब?"

साहेबांनी कुलूप काढलं. आत लाकडी चौथरा होता. वर तुळई होती, तिला नवा दोर, आणि बाजूला हाताने ओढायचा खटका.

"खटका ओढणाऱ्या जुन्या माणसाचा हात थरथरायचा. गेल्या खेपेस तो कैदी फार वेळ तडफडला, सगळ्या तुरुंगाने ऐकलं." साहेबांनी भडक्याचा हात धरून खटक्यावर ठेवला. हात हलत नव्हता. "सोमवारी मास्तर आहे. तुझं नाव त्यानेच सुचवलं."