नुसतं तीन

"तीन द्या," मायक्रोस्कोपवरून नजर न हटवता डॉक्टर म्हणाले.

सिस्टरने कपाटातून दोन डब्या काढल्या होत्या. दोन्हींतल्या लेन्सचा नंबर तीन. एक प्लस, एक मायनस.

टेबलावर शिंपीकाका हिरव्या कापडाखाली जागेच पडून होते. मोतीबिंदू काढून झाला होता, त्या जागी लेन्स बसवायची होती. दुसरा डोळा लहानपणीच गेलेला. जी काय भिस्त होती ती याच डोळ्यावर.

केसपेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'लेन्स - ३'. ती आडवी रेघ मायनसची, की लिहिता लिहिता सहज ओढलेली? सिस्टरने कागद दिव्याखाली धरला. रेघ काही बोलेना.

"सिस्टर, झोप लागली का?"

"सर, प्लस की मायनस?"

"मायनस वर्षाकाठी एखाद्याला लागते. प्लसच असणार. उघडा."

तिचा अंगठा प्लसच्या डबीच्या कडेपाशी गेला. तिथेच थांबला. दोन्ही डब्या खाली ठेवून तिने तपासणीच्या खोलीत फोन लावला.

"शिंपीकाकांच्या डोळ्याचं माप काढ. मशीनवरचं. लेन्स किती आलीय?"

"तीन," पलीकडची मुलगी म्हणाली.

"नुसतं तीन नको. तीनच्या आधी काय आहे?"

"आधी? थांबा हं, परत उघडते."

"डोळा उघडा पडलाय, सिस्टर!" डॉक्टरांचा आवाज चढला. "एवढ्याशा खुणेसाठी किती खोळंबा?"

"खूण चुकली तर फरक तीनचा नाही पडणार, सर." सिस्टर म्हणाली. "शून्याच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन. सहाचा पडेल."

कापडाखालून आवाज आला, "काही बिनसलंय का, बाई? सुईत दोरा ओवता येईल ना मला?"

सिस्टरने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"सिस्टर," फोनवर मुलगी म्हणाली, "मायनस आहे. मायनस तीन. दोनदा बघितलं."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. कागदाकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.

"मायनस उघडा," ते हळू आवाजात म्हणाले.

तिने मायनसची डबी उघडून पुढे धरली. पाचेक मिनिटांत लेन्स बसली. डोळ्यावर पट्टी बांधून शिंपीकाकांना बाहेर नेलं. सिस्टरने टेबल पुसलं, नवं कापड अंथरलं. पुढच्या आजी येऊन आडव्या झाल्या, त्यांचाही मोतीबिंदू निघाला.

डॉक्टरांनी हात पुढे केला.

"एकवीस," ते म्हणाले. जरा थांबले. "प्लस एकवीस."

त्या कपाटात मायनस एकवीस नव्हतीच. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"प्लस एकवीस," सिस्टर मोठ्याने म्हणाली आणि तिने डबी उघडली.