तलावाकडे पाठ

“आज तरी इकडं तोंड करून बस,” कालिंदी म्हणाली.

तिच्या आईनं, आक्कानं, बाजाराची पिशवी मांडीवर ओढून घेतली. “मला हितनं बरं दिसतंय.”

“भिंत दिसती तुला, आक्का! इतकी वर्सं भिंतच बघत बसलीयास.”

“मग? भिंतीनं काय घोडं मारलंय तुझं?”

कालिंदी टोपीचे बंद आवळू लागली. बंद दोनदा सुटले.

सोमवारी ती भारताच्या वॉटर पोलो संघातून सिंगापूरला निघणार होती. परदेशातला तिसरा दौरा, आणि शेवटचा. खांदा आता साथ देत नव्हता. कोल्हापूरच्या या तलावात ती आज शेवटची खेळणार होती, आणि आक्कानं तिचा एकही गोल पाहिलेला नव्हता.

तशी आक्का रोज यायची. भल्या सकाळी, भरलेली पिशवी घेऊन, आणि तलावाकडे पाठ करून पायरीवर बसायची. पिशवी कधी कुणाला उचलू द्यायची नाही. पोरीचे उघडे हातपाय तिला बघवत नसावेत, हे कालिंदीनं शाळेत असतानाच ताडलं होतं. भिंतीपलीकडच्या बोळातून दोघी घरी निघाल्या की पानपट्टीवरची माणसं गप्प होऊन खाली बघायची. त्यांनाही आक्काची कीव येत असणार.

परवा पानपट्टीवाल्या बाळासोच्या कपाळावर टेंगूळ होतं.

“काय रं, काय झालं?” तात्यांनी विचारलं. तात्या मुलींना खेळ शिकवत.

“सायकलवरनं पडलो,” म्हणून तो घाईघाईनं सुपारी कातरू लागला.

आता तात्या काठावरून ओरडले, “कालिंदे, उतर की! आज नेम दाव जरा. शिकवून येत न्हाय तसला, घरातनंच आणलायस तू.”

वडिलांचा असेल, असं ती धरून चालली होती. वडील तिला आठवतही नव्हते.

ती पुन्हा पायरीपाशी गेली. “आक्का, माझी लाज वाटती का तुला?”

“लाज?” आक्का तिच्याकडे बघतच राहिली. मग भिंतीवरून एकदा नजर फिरवली, आणि हळूच तलावाकडे तोंड करून बसली.

शिट्टी झाली. कालिंदीला धीर निघेना. पहिलाच बॉल हाताला लागला तशी ती कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळली, खांदा मागे नेला, मनगटाला झटका दिला.

गोल!

तिनं वळून पाहिलं. आक्का तोंडभर हसत होती.

आक्काच्या मागं, भिंतीवर, एक डोकं वर आलं. बाळासोचं. मग आणखी दोन. कुणीतरी शीळ घातली. पाण्यातल्या मुली गळ्यापर्यंत खाली गेल्या.

आक्काचं हसू मावळलं. ती उठली, भिंतीकडे वळली. पिशवीतून लिंबाएवढा दगड काढला, खांदा मागे नेला, मनगटाला झटका दिला.