घरचा वाफा

पाठीवर पंप घेऊन पंचफुला मळ्यात शिरली तेव्हा वांगी तोडणाऱ्या बायांचे हात थांबले. तिचा बाप लिंबाजी औषध मारतामारता याच वावरात पडला, तो पुन्हा उठला नाही. तेव्हापासून पंप तिच्या घरी होता. शेषेराव मालकानं दोनदा निरोप धाडला, पंप आणून द्या म्हणून. बापाचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

पंप तिनं राखेनं घासून उन्हात वाळवला होता. विहिरीवर थांबून तिनं त्यात निव्वळ पाणी भरलं आणि वांग्याचं वावर मागं टाकून ती काटेरी कुंपणाकडं वळली.

आत घरचा वाफा होता. लातूर जिल्हा झाला तसा तिथल्या बाजारात भाजीला भाव आला, आणि मोठ्या वावरातली वांगी औषध पिऊन तिकडं जाऊ लागली. घरच्या वाफ्याला मात्र औषधाचा थेंब चालत नसे. विहीर तळाला गेली तरी पहिलं पाणी त्यालाच. मालकाची नातवंडं वेलावरची काकडी तोडून तशीच खात. लिंबाजी तिथं राख नि गोमूत्र शिंपायचा. पाठीवर पंप असला की कुंपणाबाहेरून वळसा घालायचा. तसा मालकाचा हुकूमच होता.

पंचफुलानं काटे बाजूला सारले आणि भेंडीपासून सुरुवात केली. सावकाश, पानांच्या खालूनही भिजवत, बाप करायचा तशी.

शेषेराव बाजेवरून उठून अनवाणी पळत आला.

"ए पोरी, काय करायलीस?"

"फवारणी."

"आगं, हे घरात खायचं हाय."

"मग काय झालं, मालक? डॉक्टरपुढं तुम्हीच बोललात ना. औषधानं माणूस मरत न्हाई, लिंबाजीला ऊन लागलं म्हणून." तिनं एक काकडी तोडून पुढं केली. तिच्यावरून पाणी ठिबकत होतं. "खाऊन दाखवा."

शेषेरावानं हात मागं घेतला.

बाया कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. त्यांच्यातली म्हातारी नागुबाई शांतपणे म्हणाली, "घ्या की मालक. काकडीला काय ऊन लागत न्हाई."

कुणी हसलं नाही.  शेषेरावानं मान फिरवून बायांना सांगितलं, सगळं उपटा, मुळासकट. लेकरं येतील हितं.

भेंडी गेली, मेथी गेली. दुष्काळात सगळ्या शिवारात एवढीच हिरवाई उरली होती. बापानं लावलेला दोडक्याचा वेल खाली ओढला तेव्हा पंचफुलाच्या ओठाशी ‘पाणी’ हा एक शब्द आला. तिनं तो गिळला. वाफा मोकळा झाल्यावर तिनं पंप मालकाच्या पायाशी ठेवला आणि वाट धरली.

वाट मालकाच्या घरावरून जात होती. दारातल्या दगडावर मालकीण केवळाबाई रातच्या भाजीला मोठ्या वावरातली वांगी घेऊन बसली होती. शेजारी दोन घागरी रिकाम्या पडल्या होत्या. ती एकच वांगं घासत होती, नाकाशी नेत होती, आणि पुन्हा तिसऱ्या घागरीकडं हात नेत होती.