पार्किंग नंबर सातमधला खड्डा

चार्जिंग पॉइंट बसला, चालू झाला, हिरवा दिवाही लागला. पण हे तूर्तास कुणाला माहीत नाही असं धरून चालू. कारण सोमवारी सकाळी सेक्रेटरीची सही व्हायची होती, आणि सेक्रेटरीच्या सहीशिवाय या सोसायटीत काही घडलं तरी ते घडलेलं नसतं.

सोमवारी सकाळी पार्किंग नंबर सातमध्ये वायरमन खड्डा खणत होता. बाजूला मास्तर उभे. मास्तर म्हणजे पहिल्या मजल्यावरचे, भूमिती शिकवून निवृत्त झालेले.

“किती खोल जाणार?” सेक्रेटरीने विचारलं.

“आठ फूट,” वायरमन म्हणाला. “अर्थिंगचा खड्डा आहे. खाली तांब्याचा पत्रा, वर कोळसा आणि मीठ.”

“मीठ?”

“दोन पोती.”

“दोनात भागेल ना?” मास्तरांनी काळजीने विचारलं. “तीन आणू? एकदा बुजवला की परत उकरायची वेळ यायला नको.”

सेक्रेटरीने हे डोक्यात टिपून ठेवलं. टिपायला कारण होतं. मास्तर हा ‘बघू’ म्हणणारा माणूस. लिफ्ट बदलायची? बघू. गच्ची गळतेय? बघू. दहा वर्षांच्या मीटिंगांत त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नव्हता. आणि आता शनिवारी अर्ज, सोमवारी खड्डा.

“गाडी कुठाय पण, मास्तर?”

“चार्जिंगला गेलीये.”

“आणि वहिनी? बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत.”

“बहिणीकडे,” मास्तर म्हणाले आणि खड्ड्यात बघत राहिले.

जिना चढताना सेक्रेटरी मधेच थबकला. पांढरी गाडी वहिनींची. मास्तरांना साधी सायकल धड येत नाही. वहिनी बहिणीकडे, तर मग गाडी चार्जिंगला एकटीच गेली की काय? शिवाय वहिनी दिसेनाशा होऊन तीन आठवडे झाले होते. तेवढ्या वेळात अख्खी आगगाडी चार्ज होऊन आली असती.

संध्याकाळी ना-हरकत पत्राचं निमित्त काढून तो मास्तरांकडे गेला. दार उघडंच होतं. मास्तर फोनवर होते.

“बंद पडलंय? किती दिवस लागतील? अरे वा. नाही नाही, घाई करू नका.” त्यांनी फोन ठेवला, समोरच्या नकाशावर एक लाल फुली मारली आणि पुढचा नंबर फिरवला. “तुमचं चालू आहे? व्यवस्थित? अरेरे.”

ओट्यावर एक कप, एक ताटली. टेबलावर नकाशा. नकाशावर कंपासने काढलेलं मोठं वर्तुळ, आणि बरोबर मध्यभागी त्यांचीच इमारत.

“हे काय, मास्तर?”

“त्रिज्या तीनशे बारा किलोमीटर,” मास्तर म्हणाले. एवढ्यात सगळं आलं, अशा आवाजात.

“आणि फुल्या?”

“ही आपोआप बंद पडलेली. सहाच झाली. चव्वेचाळीस बाकी आहेत.”

सेक्रेटरीने धीर केला. “हिला वहिनींकडून शिवणाचं काहीतरी विचारायचंय. जरा फोन लावता का?”

“ती उचलत नाही.”

“का?”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी जे केलं, त्यानंतर तुम्ही उचलला असतात?”

मास्तरांनी ना-हरकत पत्र पुढे सरकवलं.

“सही करा, साहेब. आता एकेक दिवस महत्त्वाचा आहे.”

सही करावी तर गुन्ह्यातला साथीदार म्हणून पोलिसांत नाव लागणार. न करावी तर पार्किंग नंबर आठ रिकामंच होतं, आणि वायरमनची कुदळ अजून खालीच होती. सेक्रेटरीने सही केली. घाईत केल्यामुळे ती नेहमीपेक्षा सुबक आली.

मंगळवारी खड्डा बुजला. बुधवारी भिंतीवर पॉइंट बसला आणि हिरवा दिवा लागला. मास्तरांनी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढले. मग सात नंबरमध्ये खुर्ची टाकून ते गेटकडे तोंड करून बसले. सेक्रेटरी बाल्कनीतून बघत होता. राखण करतोय, तो मनात म्हणाला. मोबाइलवर पोलिसांचा नंबर लावून ठेवला होता, फक्त बटण दाबायचं बाकी होतं.

गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात मास्तर, हातात दोन पानी कागद. दाढी वाढलेली.

“सगळं लिहून काढलंय, साहेब. आता लपवण्यात अर्थ नाही. वर पाठवायच्या आधी तुम्ही वाचावं. सोसायटीची शिफारस पाहिजे.”

सेक्रेटरीने बायकोला आतल्या खोलीत जायला सांगितलं, मास्तरांना दाराबाहेरच उभं केलं आणि भिंतीला पाठ टेकून वाचायला घेतलं.

“प्रति, माननीय मुख्य अभियंता, वीज कंपनी. महोदय, घरी चार्जिंग पॉइंट बसवा, असे माझी पत्नी दोन वर्षे सांगत होती व मी ‘बघू’ असे म्हणत होतो. ती दर आठवड्याला बाहेर रांगेत थांबून गाडी चार्ज करून आणत असे. तीन आठवड्यांपूर्वी ती ‘चार्जिंगला जाते’ असे सांगून गेली, ती परत आलेली नाही. सध्या मुक्काम बहिणीकडे. घरी पॉइंट बसवून काल तिला फोटो पाठवले. त्यावर ‘बघू’ असे उत्तर आले आहे. सदर गाडी एका चार्जमध्ये तीनशे बारा किलोमीटर जाते. तरी सोबतच्या नकाशातील वर्तुळात उरलेली चव्वेचाळीस चार्जिंग केंद्रे, आमच्या घरचे वगळून, पत्नी घरी येईपर्यंत बंद ठेवण्यात यावीत, ही नम्र विनंती.”