लाइट जाण्याची तालीम

घर्रर्र.

"मेन स्विच पाडला, की?" सुनेनं विचारलं. ओरडून. सासऱ्यांच्या पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन चालू असलं, की या घरात ओरडूनच विचारावं लागे. आणि ते कायमच चालू असे.

"की मशीनची नळी काढायची," तिचा नवरा ओरडला.

"मग?"

"सिलिंडरवरच्या पाण्याच्या बाटलीला लावायची."

घर्रर्र.

"मग?"

"मग चावी फिरवायची गं! कुक्कुलं बाळ आहे का मी?"

"उद्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाइट नाही. मी विचारणारच."

बादल्या भरून झाल्या होत्या. फोन चार्जिंगला लागले होते. दूध तापवलेलं, उद्याचे कपडे इस्त्री केलेले, भाड्यानं आणलेले दोन सिलिंडर भिंतीशी दोरीनं बांधलेले. राहिली होती फक्त तालीम.

वडील उशीला टेकून बसले होते. नाकात नळी, हाताशी स्टीलचा पेला आणि चमचा. काही लागलं तर वाजवायचा. हाक मारण्याएवढा दम त्यांच्या छातीत उरला नव्हता.

"नाटक माझं," ते म्हणाले, "आणि तालमी तुमच्या."

"काय म्हणालात, बाबा?"

घर्रर्र.

"काही नाही. करा सुरू."

सून दारामागच्या मेन स्विचपाशी गेली.

"पाडू?"

"पाड!"

मशीननं एक शिट्टी मारली. मुलानं बटण दाबून ती बंद केली. आणि

मग खोलीत आवाजच नव्हता, आठ महिन्यांत पहिल्यांदा नव्हता, त्यानं नळी काढली, सिलिंडरच्या बाटलीला लावली, तेवढ्यात ती दारातून आत येत म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "अगंबाई, आपल्या घड्याळाला टिकटिक आहे," आणि तो वर बघतो तर खरंच होती, आणि वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर न्हाणीघरात गात होता, इतका बेसूर की त्याच्याकडे दात दाखवायला जायचीही भीती वाटावी, "हा रोज गातो?" "रोजच गात असणार," "म्हणजे मशीननं वाचवलं आपल्याला," ती म्हणाली आणि दोघं फिस्सकन हसली, आणि ती जवळ आली आणि त्याच्या कानाशी काहीतरी म्हणाली, जे ओरडून म्हणता येत नाही, जिथे दूध आणलंस का हेसुद्धा भांडल्यासारखं विचारायचं तिथे हे कुठून म्हणणार, आणि तो म्हणाला "पुन्हा म्हण," आणि ती म्हणाली "चल, हो तिकडं," पण हात काढून घेतला नाही, आणि किती बरं वाटतंय हे त्याला कळलं, तिलाही कळलं, आणि वर डॉक्टरनं तार सप्तक गाठलं, आणि ती हसता हसता वळली.

बाटलीत बुडबुडे नव्हते.

"चावी!"

त्यानं फिरवली. चुकीच्या बाजूला. मग बरोबर बाजूला. बाटलीतलं पाणी खदखदलं.

वडिलांचे ओठ जांभळे पडले होते. डोळे उघडे. चमचा हातात होता आणि पेल्यापासून बोटभर वर थांबलेला होता.

सुनेनं त्यांची पाठ चोळली. मुलगा नळी धरून उभा राहिला, धरायची काही गरज नसताना. ओठांना पुन्हा ओठांचा रंग येईपर्यंत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"बाबा, वाजवायचं नाही का!" मुलगा म्हणाला. सवयीनं ओरडलाच. तेवढ्याशा खोलीत ते फार मोठं वाटलं.

वडिलांनी चमचा चादरीवर ठेवला.

"चाललं होतं ना तुमचं."

"अहो, पण बाबा..."

"तो वरचा," ते म्हणाले. मध्ये श्वास घेतला. "खरंच बेसूर आहे हो."

कुणी हसलं नाही. वरचं गाणंही थांबलं होतं. सिलिंडर उद्यासाठी होता. उठून मेन स्विच वर करायला हवा होता. मुलानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं मुलाकडे. दोघंही जागची हलली नाहीत, आणि आपण का हलत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी तिनं मान खाली घातली आणि चादरीवरची नसलेली सुरकुती सारखी करू लागली.

"उद्या मी रजा टाकते, बाबा," ती म्हणाली.

"मीपण टाकतो," मुलगा म्हणाला. "दोघंही इथंच बसतो तुमच्याजवळ. दिवसभर. हलणार नाही."

वडिलांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बोलण्यासाठी दम गोळा केला.

"दोघं नको," ते म्हणाले. "एकानंच थांबा."