पंधरा टक्के

वाजवणारे पांगले, म्हणून बॅन्डमास्तरांनी उरलेली सहा वाद्यं ऑनलाइन विकायला काढली.

"हे वेबसाइटवाले गिऱ्हाइकाशी नुसती गाठ घालून द्यायचे पंधरा टक्के कापतात! बसल्या जागी लूट आहे ही." दोन दिवस ते धुसफुसत होते. निदान कुरिअरचा खर्च वाचावा, म्हणून त्यांनी सहाही गिऱ्हाइकांना रविवारी घरीच बोलावलं. आता हॉल मोकळा होणार, या आनंदात बायको बहिणीकडे गेली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ट्रम्पेट फुंकून बघितला. त्यावर बसच्या ड्रायव्हरने मोठ्या ड्रमवर ठेका धरला. सॅक्सोफोन न्यायला आलेल्या आजोबांना राहवेना. नकळत मास्तरांचा हात वर गेला.

"ट्रम्पेट, घाई नको! ड्रम, त्यांना सांभाळून घ्या. चला, पहिल्यापासून!"

संध्याकाळी रिकामा हॉल बघून बायकोचा जीव भांड्यात पडला.

"गेलं का हो एकदाचं सगळं?"

"गेलं. दर रविवारी नऊला परत येणार आहे."

तिने कपाळावर हात मारला, पण हसू काही लपेना. "आणि वर ते पंधरा टक्के?"

"स्वस्तात पडले."